लिफ्टमधलं वादळ : एका पावसाळी डोकेदुखीचं प्रकरण

२०२५ च्या जूनमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, दवाखाना बंद करायच्या वेळेला एक बाई आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. हवामानाचं कुठलंसं अ‍ॅप होतं. खाली तोंड केलेला एक लाल बाण आणि शेजारी हवेच्या दाबाचा आकडा, १००३.

"हा खाली गेला की माझं डोकं उठतं, डॉक्टर. चार वर्षं बघतेय."

त्यांना इथे ताई म्हणतो. वय ४४. मुंबईत, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तळमजल्यावर घर, करी रोडला एका टॉवरमध्ये सत्ताविसाव्या मजल्यावर हिशेबाचं काम. घरात नवरा, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार दुहेरी होती. एक, डोक्याची डावी बाजू ठणकते, उजेड आणि कुकरची शिट्टी सहन होत नाही, मळमळतं, आणि हे सहा-सात तास चालतं. ही सरळसरळ अर्धशिशी. दुसरी तक्रार त्यांनी उठता उठता, दाराशी सांगितली, आणि माझ्या अनुभवात खरी तक्रार बहुतेक वेळा दाराशीच निघते. "आणि मळभ आलं ना, की कशातच जीव लागत नाही. भाजी चिरताना उगाच रडू येतं. सासूबाई म्हणतात कांदा असेल."

त्या दिवशी माझं चुकलं. बाहेर पाऊस, आत तापाचे सात पेशंट थांबलेले. रक्तदाब पाहिला, १२८/८२. ताप नाही, मान आखडलेली नाही, हातापायात कमजोरी नाही, नजर ठीक. "पावसाळ्यात असं व्हायचंच," म्हणालो आणि दुखलं तर घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या प्रकरणात नंतर पुन्हा येतात, म्हणून आत्ताच कबूल करून टाकतो.

दुधाचे खाडे

जूनच्या अखेरीला ताई परत आल्या. या वेळी फोनमध्ये अ‍ॅपऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो होते. आपल्याकडे कॅलेंडर तिथी बघायला कमी आणि दुधाचे खाडे मांडायला जास्त असतं. त्याच चौकोनांत ताईंनी डोकं दुखलं त्या दिवशी पेनाने ठिपका दिला होता आणि गोळी घेतली की बारीक 'गो' लिहिलं होतं. जूनच्या अठ्ठावीस दिवसांत चौदा ठिपके. 'गो' मात्र एकोणीस, तेरा दिवसांत मिळून. माझ्या गोळ्यांखेरीज केमिस्टकडून आणलेली, कॅफीन मिसळलेली एक गोळी त्या वर्षभर घेत होत्या. मे महिन्याचं पानही जवळपास असंच.

ज्यांना मूळची अर्धशिशी आहे, त्यांनी अशी मिश्र गोळी महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर ती गोळीच डोकेदुखी आणायला लागते. साध्या पॅरासिटामॉलला हीच मर्यादा पंधरा दिवसांची. गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा चढतं, माणूस पुन्हा गोळी घेतो. ताईंच्या चौदा ठिपक्यांतले किती पावसाचे आणि किती गोळीचे, हे त्या पानावरून कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही. आणि त्या ढिगात माझीही चिठ्ठी होती.

ताईंची खात्री मात्र पक्की होती, आणि ती कुठून आली तेही त्यांना नीट आठवत होतं. १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गुजरातकडे सरकलं तो सोमवार. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. त्या दिवशी त्यांचं डोकं असं दुखलं की उलट्या झाल्या. रात्री बातम्यांत कमी दाबाचा पट्टा, कमी दाबाचं केंद्र हेच शब्द. दोन्ही गोष्टी मनात एकत्र शिवल्या गेल्या. तेव्हा मी विचारलं, "आदल्या रात्री झोप झाली होती?" तर नाही. शेजारच्या शेडचे पत्रे रात्रभर वाजत होते, वीज गेली होती, आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

आकडा म्हणजे नेमकं काय

हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात, जुनी मंडळी मिलिबार म्हणतात, आकडा तोच. समुद्रसपाटीला सरासरी १०१३ धरतात. मुंबईत जानेवारीच्या सकाळी दाब साधारण तेवढाच असतो, आणि जून-जुलैत उतरून १००४-१००५ च्या आसपास येतो. म्हणजे अख्ख्या हिवाळा-पावसाळ्याचा फरक नऊ-दहाचा.

शिवाय दाबाला रोजची एक भरती-ओहोटी असते. उष्ण प्रदेशात ती चांगली ठळक दिसते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला परत चढतो, पहाटे चारला परत उतरतो. चढउतार तीनेक हेक्टोपास्कलचा. ऊन असो, पाऊस असो, हे चालूच. ताईंच्या अ‍ॅपमधला बाण रोज दुपारी लाल व्हायचा त्याचं कारण एवढंच. आणि त्यांचं डोकं बहुतेकदा चारच्या सुमारासच दुखायला लागायचं, त्यामुळे पुरावा रोजचा रोज हातात.

मी त्यांना एक काम सांगितलं. मुलाच्या फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर होता. तो फोन एक दिवस घेऊन जा, लिफ्टमध्ये शिरताना आकडा बघा, वर पोचल्यावर परत बघा.

दोन दिवसांनी त्या आल्या त्या काही न बोलता समोर बसल्या. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं होतं : खाली १००४, वर ९९३.

हिशेब साधा आहे. समुद्रसपाटीजवळ शंभर मीटर वर गेलं की दाब अकरा-बाराने कमी होतो. सत्ताविसावा मजला म्हणजे जवळपास तेवढीच उंची. जानेवारी ते जुलै दाब जितका उतरतो, त्याहून थोडा जास्तच त्या रोज सकाळी मिनिटभरात उतरवतात, आणि संध्याकाळी सहापर्यंत तिथेच बसतात.

"म्हणजे मी रोज वादळात बसते?"

"रोज. आणि बसता तेव्हा सगळ्याच दिवशी डोकं दुखतं का?"

त्या गप्प झाल्या. मलाही जरा जिंकल्यासारखं वाटलं, पण हा युक्तिवाद मी म्हणतो तितका भक्कम नाही, हे इथेच सांगायला हवं. लिफ्ट रोजची, ठरलेली, शरीराच्या सवयीची. वादळाचा उतार संथ आणि कितीतरी तास चालणारा, आणि तो एकटा येत नाही. दमटपणा, वारा, अंधार सोबत घेऊन येतो. जपानमध्ये नागोयाला उंदरांवर प्रयोग झालेत. बंद पेटीत दाब थोडा कमी केला की आधीच दुखरी नस असलेल्या उंदरांची वेदना वाढली, आणि आतल्या कानाचा यात हात असावा असं तिथल्या संशोधकांचं मत आहे. कानाचं आपल्यालाही माहीत आहे. खंडाळ्याचा घाट चढताना कान दडपतात, तेव्हा दाब पन्नास-साठने उतरलेला असतो. तेव्हा 'दाबाने काहीच होत नाही' असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की ताईंचं डोकं फक्त आकडा ऐकून दुखत असतं, तर नोकरी कधीच सोडावी लागली असती.

आजींचे गुडघे

या घरात हवामान खातं आधीपासूनच होतं. सासूबाई सकाळी पलंगावरून पाय खाली सोडताना गुडघ्यांवर हात फिरवून सांगायच्या, "आज बोलतायत. छत्री न्या." आणि पाऊस यायचा. ताईंच्या अ‍ॅपवरच्या श्रद्धेचं मूळ मला या गुडघ्यांत दिसतं.

मी आजींना जुलैभर मोजायला लावलं. गुडघे दुखले त्या दिवशी कॅलेंडरवर कुंकवाचं बोट, पाऊस आला की सुनेने पेनाने रेघ. महिन्याच्या शेवटी चौदा बोटं आणि त्यातल्या बारा दिवशी पाऊस. आजी माझ्याकडे विजयाने बघत होत्या. मग आम्ही उरलेले सतरा दिवस मोजले. त्यातल्या चौदा दिवशीही पाऊस होता. जुलैत मुंबईत माझ्या टेबलाचा पाय दुखला तरी पाऊस येईल.

१९९६ साली रेडेलमायर आणि ट्वेर्स्की या दोघा संशोधकांनी अठरा संधिवाताच्या रुग्णांना पंधरा महिने असंच तपासलं होतं. दुखणं आणि हवामान यांचा ताळमेळ बसला नाही, पण रुग्णांची खात्री ढळली नाही. दुखलं आणि पाऊस आला ते दिवस लक्षात राहतात, दुखलं नाही आणि पाऊस आला ते कोण लक्षात ठेवणार? मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. मँचेस्टर विद्यापीठाने २०१९ मध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांच्या रोजच्या फोनवरच्या नोंदी तपासल्या, आणि दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवशी दुखणं वाढायची शक्यता थोडी जास्त आढळली. थोडी. आजींनी हे ऐकून 'थोडी' हा शब्द सोईस्करपणे गाळला.

माझा स्वतःचा डावा घोटा कॉलेजात असताना मोडला होता. तो जूनमध्ये कुरकुरतो. हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

ब्याण्णव दिवस

१ जुलैपासून तीन गोष्टी केल्या. केमिस्टवाली गोळी पूर्ण बंद. पहिले आठ-दहा दिवस डोकं जास्त दुखेल हे आधीच सांगितलं, कारण न सांगता बंद केली की चौथ्या दिवशी माणूस परत केमिस्टकडे जातो. मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून, त्यांच्या सल्ल्याने रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम, डोकेदुखी येऊ नये म्हणून. आणि ताईंच्या फोनमधून ते अ‍ॅप काढलं. दाब मी मोजायचा, दवाखान्याच्या टेबलावर, रोज सकाळी साडेनऊला, आणि त्यांना सांगायचा नाही. त्यांनी वहीत झोप, जेवणाची वेळ, पाणी, पाळी, डोकं आणि मन एवढंच लिहायचं. रविवारीही मी फक्त आकड्यासाठी खाली उतरत होतो. बायकोने याबद्दल जे मत दिलं ते इथे देत नाही.

वही उघडली आणि दुसऱ्याच पानावर मला माझी मुंबई दिसली. सकाळी साडेपाचला उठणं. एक चहा. ८ वाजून १० ची स्लो लोकल. पहिलं पाणी अकराला. का? तर स्टेशनवर बाथरूमची सोय धड नसते, ऑफिसातही वर पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून सकाळी पाणी प्यायचंच नाही. ही युक्ती ताईंची एकटीची नाही. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार बायकांपैकी निम्म्या तरी हेच करतात, आणि विचारल्याशिवाय एकही सांगत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहतं. त्यात गाडी रखडली की डबा दीडऐवजी साडेतीनला. पाऊस जोरात तेव्हाच गाडी रखडते, आणि पाऊस जोरात असतो तेव्हा दाबही बहुधा उतरलेलाच असतो.

३० सप्टेंबरला आम्ही दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या. ब्याण्णव दिवस, पंचवीस डोकेदुख्या : जुलैत अकरा, ऑगस्टमध्ये नऊ, सप्टेंबरमध्ये पाच. आदल्या दिवसापेक्षा दाब दोन किंवा जास्त हेक्टोपास्कलने उतरला असे दिवस एकवीस, त्यातल्या आठ दिवशी डोकं दुखलं. उरलेल्या एकाहत्तर दिवसांत सतरा. फरक आहे, नाही असं नाही. आता जेवण दोन तासांहून जास्त लांबलं किंवा चुकलं असे दिवस बघा : अठरा, आणि त्यात बारा डोकेदुख्या. उरलेल्या चौऱ्याहत्तर दिवसांत तेरा. दाब उतरलेल्या दिवशीच्या आठ डोकेदुख्यांपैकी पाच याच उपाशी दिवसांत पडत होत्या.

एका माणसाच्या तीन महिन्यांच्या वहीवर सिद्धांत उभा राहत नाही. पण त्या एका माणसाला वागायला तेवढं पुरतं.

दोन पानं मी ताईंना मोठ्याने वाचायला लावली. पहिलं १८ ऑगस्टचं. तो सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. मुसळधार पाऊस, गाड्या रखडलेल्या. ताई घरी पोचल्या रात्री साडेनऊला. पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू होते, एव्हाना ती सवय लागली होती. वहीत लिहिलंय : 'लाडू ३, पाणी दीड बाटली, पाय सुजले, डोकं नाही.' दुसरं पान २६ ऑगस्टचं, हरतालिका. माझ्या वहीत दाब जागच्या जागी. ताईंच्या वहीत, निर्जळ उपासाच्या खाली, वेड्यावाकड्या अक्षरात एकच शब्द : 'भयंकर'.

"पुढच्या वर्षी पाणी पिऊन करा," मी म्हणालो. सासूबाई सोबत होत्या. "मी कधीची सांगतेय," त्या म्हणाल्या. ताईंच्या चेहऱ्यावरून, कधीच सांगितलं नव्हतं.

मनाची गोष्ट वेगळी निघाली

मन आणि डोकं एकाच दिवशी बिघडत असतील असं मी धरून चाललो होतो. वहीने तेही खोटं पाडलं. डोकं नसलेल्या कितीतरी दिवशी 'उदास', 'नको वाटतं'.

रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ९.८. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, थकव्याचा एक भाग त्यात होताच. जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारलं. हे विचारायला आपल्याकडे डॉक्टरही संकोचतात. उत्तर नाही असं होतं, आणि न अडखळता आलं.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, आजींच्या गुडघ्यांच्या निमित्ताने. बाहेर साडेपाचचा बरा उजेड होता. आत ट्यूबलाईट. खिडकीच्या ग्रिलवर बाहेरून निळी ताडपत्री ताणून बांधलेली, कारण तळमजल्यावर पावसाची झड थेट पलंगावर येते. २०२५ साली पाऊस ११ जूनची नेहमीची तारीख सोडून २६ मेलाच मुंबईत हजर झाला, तेव्हा ताडपत्रीही मेमध्येच चढली. ती उतरणार दिवाळीच्या साफसफाईला. पाच महिने त्या खोलीत दिवस उजाडतच नाही. ऑफिसात डोक्याला त्रास नको म्हणून ताईंनी खिडकीपासून दूरची जागा मागून घेतलेली, पडदे ओढलेले. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला लख्ख ऊन मुळात सरासरी दिवसाला दोन-अडीच तास, मेमध्ये नऊच्या पुढे. त्या अडीच तासांतलंही ताईंच्या वाट्याला काही येत नव्हतं.

उजेड कमी झाला की काही लोकांचं मन मोसमाने खाली जातं, हे मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये थंड देशातल्या हिवाळ्याबाबत मांडलं. आपला पावसाळा म्हणजे तो हिवाळा नव्हे, आणि ताईंना मी ते निदान चिकटवलंही नाही. पण उजेडाची वेळ आपल्या झोपेचं आणि जागेपणाचं घड्याळ लावते, एवढं त्यातून घेता येतं. ऑफिसातली जागा खिडकीशेजारी परत मागा, म्हटलं. दुपारी जेवण झालं की वीस मिनिटं पोडियमवर, ढगाखाली का होईना, उघड्यावर चाला. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो. आणि ताडपत्रीचा वरचा हातभर भाग कापून तिथे पारदर्शक प्लास्टिक लावा. ते मुलाने रविवारी केलं.

ऑगस्टच्या शेवटी वहीत पाच दिवस सलग 'छान' आहे. बाहेर पाऊस, उजेड यथातथाच. मी कारण शोधत बसलो आणि मग तारखा बघितल्या. घरात गणपती होते, माहेरची माणसं आली होती, मोदक वळायला सहा बाया एका ओट्यापाशी. यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

उरलेले तीन

दाब उतरलेल्या दिवशीच्या आठांतून उपाशी दिवसांचे पाच वजा केले की तीन उरतात. त्या तिन्ही दिवशी जेवण वेळेवर, झोप सात तास, पाळी लांब, गोळ्या सुटून कितीतरी आठवडे झालेले. त्यातला एक सप्टेंबरच्या शेवटचा. सकाळपासून हवा पडलेली, पान हलत नव्हतं. दुपारी दोनला ताईंनी लिहिलं, 'डावी बाजू सुरू.' संध्याकाळी सातला विजांसकट कोसळला. त्यांच्याकडे अ‍ॅप नव्हतं, आकडा फक्त मला माहीत होता. त्या तीन दिवसांभोवती मी लाल पेनाने गोल केले आहेत आणि पुढे काही लिहिलेलं नाही.

ऑक्टोबरभरात दोनदा डोकं दुखलं, गोळ्या दोन. रात्रीची गोळी आणखी काही महिने चालू राहील, मग हळूहळू कमी करू. अ‍ॅप परत घेतलं का, हे मी विचारलं नाही. दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा ताडपत्रीचं मात्र विचारलं.

"काढली ना," ताई म्हणाल्या. "पण उन्हात खोलीतली धूळ इतकी दिसायला लागली, की दुसऱ्याच दिवशी पडदा लावला."